मनगटापुरते

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी एक मोठे घड्याळ विकत घेतले, आणि तेव्हापासून मला लोकांना खुलासे द्यावे लागत आहेत. शाळा उघडली त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत गणिताच्या सरांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला आणि विचारले, "काय हो, कादंबरीचे पैसे आले वाटतं?" कादंबरीचे पैसे येण्यासाठी जगात ज्या ज्या गोष्टी घडाव्या लागतात, त्या माझ्या बाबतीत अद्याप घडायच्या आहेत, हे त्यांना ठाऊक आहे. शिपाईमामा काही बोलले नाहीत; पण मधल्या सुट्टीची घंटा देण्यापूर्वी त्यांनी माझ्या मनगटाकडे मान वाकडी करून पाहिले, जणू तो गावातला टॉवर आहे! घरी तर निकाल आधीच लागला होता. "तुमचा हात केवढा, ते घड्याळ केवढं!" एवढेच सौभाग्यवती म्हणाल्या आणि करंज्यांच्या पुरणाकडे वळल्या.

माझा हात लहान आहे, हे खरे आहे. दोरा गुंडाळून मोजले तर मनगट साडेसोळा सेंटीमीटर भरते. अशा मनगटावर एकेचाळीस मिलिमीटरचे घड्याळ बांधायचे म्हणजे लहान भिंतीवर मोठे चित्र टांगण्यासारखे आहे, असे मी स्वतःच वर्षभरापूर्वी म्हटले असते. नुसते म्हटले नसते, चारचौघांत म्हटले असते. आणि त्यातच या लेखाचे मूळ आहे. मी तत्त्वज्ञानाची पुस्तके वाचलेला माणूस नव्हे. आमच्याकडची जुनी माणसे दहावीला अजून मॅट्रिकच म्हणतात; मी तेवढाच शिकलेला, पुढे चित्रकलेच्या परीक्षा दिल्या आणि शाळेत चित्रकला शिकवू लागलो. पण मोठी वस्तू वापरणे म्हणजे मिरवणे आणि लहान वस्तू वापरणे म्हणजे साधेपणा, हे समीकरण मी बरीच वर्षे उराशी बाळगले होते. ते कुणा ग्रंथाने सोडवले नाही. आठवीतल्या एका मुलीने सोडवले.

आधी माझ्या जुन्या घड्याळाविषयी सांगितले पाहिजे. ते अण्णांचे, माझ्या वडिलांचे. बंगळूरच्या एच.एम.टी. कारखान्यात १९६१ पासून जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने घड्याळे होऊ लागली, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत नोकरी लागली की एच.एम.टी., लग्न ठरले की एच.एम.टी., असा रिवाजच पडला. सरकारने २०१६ मध्ये ही घड्याळांची कंपनी बंद करण्याचे ठरवले, तेव्हा अनेक घरांतल्या कपाटांतून ती लहान गोल घड्याळे बाहेर निघून पुन्हा एकदा मनगटांवर चढली. अण्णांचे घड्याळ 'जनता' जातीचे. पस्तीस मिलिमीटरची डायल, आकड्यांच्या जागी बारीक काड्या, गव्हाळ पार्श्वभूमीवर सोनेरी काटे. रोज सकाळी चावी द्यायची. साखर कारखान्यातल्या कारकुनीच्या पगारातून पैसे बाजूला टाकून अण्णांनी ते घेतले होते. "वस्तू माणसापेक्षा मोठी दिसता कामा नये," हे त्यांचे वाक्य. छत्री, पिशवी, सायकल, घर, सगळ्यांना त्यांनी हाच नियम लावला. ते गेल्यावर घड्याळ माझ्याकडे आले आणि नियमही आला.

आता कबुलीची गोष्ट. घड्याळ मी प्रेमाने वापरत होतो हे खरे. पण त्या प्रेमात हळूहळू दुसरे काहीतरी मिसळत गेले. "सर अजून वडिलांचंच घड्याळ वापरतात," असे कोणी म्हटले की मला बरे वाटे. एका ग्रंथालयाच्या कार्यक्रमात माझी ओळख करून देणाऱ्या गृहस्थांनी माझ्या दोन कादंबऱ्यांची नावे चुकवली, पण घड्याळाचा उल्लेख बिनचूक केला, आणि मला राग आला नाही. उलट त्या दिवशी भाषण करताना मी डाव्या हाताची बाही जरा वर सारून ठेवली होती. मिरवायला मोठी वस्तू लागतेच असे नाही. पस्तीस मिलिमीटर पुरतात.

चाळिशी आली तेव्हा मी दोन्ही अर्थांनी तिला दाद दिली नाही. वर्तमानपत्र हातभर लांब धरू लागलो, सुईत दोरा ओवायचे काम मुलाकडे गेले, तरी चष्मा करायचे टाळत राहिलो. वर्गात घड्याळ बघायचे तर हात लांब करायचा, मान मागे घ्यायची, आणि उजेडाकडे मनगट फिरवायचे. मला वाटे, हे कोणाच्या लक्षात येत नसेल.

गेल्या वर्षीच्या सहामाही परीक्षेची गोष्ट. चित्रकलेचा पेपर दोन तासांचा, बाकीच्या वर्गांचे पेपर तीन तासांचे. त्यामुळे आमच्या पेपरला शाळेची घंटा होत नाही. माझे घड्याळ हीच घंटा. चित्रकलेच्या खोलीतले भिंतीवरचे घड्याळ सेल संपून गणपतीपासून चारावर थांबले होते, आणि परीक्षेच्या वेळी मोबाईल कार्यालयात ठेवायचा असा आमच्याकडे नियम आहे. परतीचा पाऊस होता. खोलीत अंधारून आलेले. मी घड्याळ पाहिले, एक वाजला होता. "थांबा. कागद द्या," मी म्हणालो.

बहुतेकांचे झालेच होते. मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र आभाळ रंगवत होती. आभाळ आधी करावे असे मी शिकवतो. तिने ते शेवटी ठेवले होते, कारण खालचा उसाचा फड तिला आधी आठवला होता. विषय स्मरणचित्राचा होता. तिने अर्ध्या कागदापर्यंत निळा वॉश उतरवला होता, कड अजून ओली होती. ती म्हणाली, "सर, अजून पाच मिनिटं आहेत." तिच्या हातात तिच्या थोरल्या भावाचे घड्याळ होते. काळे, प्लॅस्टिकचे, आकडे उमटणारे, जत्रेत मिळते तसे. तिच्या मनगटापेक्षा रुंद, म्हणून पट्ट्याला खिळ्याने पाडलेले जादा भोक. त्या घड्याळावरून मी जूनमध्ये तिला भर वर्गात म्हटले होते, "घड्याळ तू बांधलं आहेस, की घड्याळानं तुला बांधलं आहे?" वर्ग हसला होता. माझे विनोद वर्गात चांगले चालतात.

मी तिला म्हणालो, "माझ्या घड्याळात वाजला," आणि कागद घेतला. ओला होता म्हणून इतरांच्या गठ्ठ्यात न घालता वेगळा, पंख्याखाली ठेवला. तेवढी काळजी मी घेतली!

व्हरांड्यात आलो. कार्यालयाच्या दारातून आतले मोठे घड्याळ दिसते. एक वाजायला तीन मिनिटे होती. उजेडात मी मनगट डोळ्यांपासून लांब नेले. मिनिटकाटा बाराच्या काडीच्या अलीकडे होता, आणि अण्णांचे घड्याळ कार्यालयातल्या घड्याळाशी तंतोतंत जुळत होते. मी परत फिरलो. ती नळावर ब्रश धूत होती. "ये, बस, पूर्ण कर," मी म्हणालो. तिने पंख्याखालचा कागद पाहिला, बोट न लावता, आणि म्हणाली, "सर, आता कड धरली. परत लावलं तर डाग दिसंल." हे तिला मीच शिकवले होते. सुकलेल्या वॉशला नवा वॉश जोडता येत नाही. मध्ये रेघ उमटते ती कायमची.

त्यावर मी काय बोललो असेन? मी म्हणालो, "घड्याळ चुकलं गं." 'माझं चुकलं' हे तीन-चार अक्षरांनी जवळ होते, पण तोंडात आले ते 'घड्याळ चुकलं.' चाळीस वर्षे इमाने चाललेल्या, त्या क्षणीही बरोबर चाललेल्या अण्णांच्या घड्याळावर मी आळ घेतला. त्या मुलीचे आभाळाचे गुण मी कापले नाहीत. पण त्याने काय होते?

एस.टी. स्टँडजवळ जिन्याखाली बसणारे आमच्या गावचे घड्याळजी वयस्क आहेत. दुसऱ्या दिवशी मी अण्णांचे घड्याळ त्यांच्यापुढे ठेवले, तपासा म्हणालो. खरे तर त्यांनी काही दोष काढावा अशी माझी इच्छा होती. त्यांनी ते कानाशी धरले, मागचे झाकण उघडले, डोळ्याला भिंग लावून पाहिले, आणि झाकण बंद करून म्हणाले, "दिवसाला अर्धा-एक मिनिट इकडंतिकडं होत असंल, या वयात चालायचंच. घड्याळ ठीक आहे. तुम्ही नंबर काढून घ्या, गुरुजी."

चष्मा मी केला. पण फळा, मागचा बाक, हातातला कागद असे शिकवताना दर घटकेला चष्मा चढवणे-उतरवणे होते, आणि घड्याळ ही तर ओझरते पाहण्याची वस्तू. चष्म्याशिवाय, एका नजरेत, अंधारलेल्या खोलीतही वेळ दिसली पाहिजे. म्हणजे मोठी डायल, ठसठशीत आकडे. हे मी घड्याळजींना सांगितले तेव्हा त्यांनी माझा हात पालथा करून गल्ल्यावर ठेवला आणि पट्टीने मनगटाची वरची सपाट रुंदी मोजली. पाच सेंटीमीटरला थोडी जास्त. मग त्यांनी जे सांगितले ते मी तोपर्यंत कुठे ऐकले नव्हते. लोक डायल किती मोठी ते विचारतात. पण हातावर घड्याळ बसते ते डायलने नव्हे. पट्टा जिथे अडकवतात ती वरची दोन आणि खालची दोन टोके, म्हणजे घड्याळाचे चार पाय. वरच्या पायापासून खालच्या पायापर्यंतचे अंतर मोजायचे. ते मनगटाच्या सपाटीच्या आत राहिले तर मोठे घड्याळही बसते; बाहेर गेले तर लहान घड्याळही लोंबते.

सुट्टीत पुण्याला गेलो तेव्हा लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानात मी हे पडताळून पाहिले. बरोबर मेव्हणा होता. दुकानदाराने पहिले घड्याळ काढले ते चाळीस मिलिमीटरचे, पण पाय लांब आणि सरळ. हातावर ठेवले तर चौरंगासारखे उभे राहिले. दोन्ही बाजूंनी पट्टा खाली सरळ लोंबला आणि मनगट व पट्टा यांच्यामध्ये पेन्सिल सरकेल एवढी फट. दुसरे एकेचाळीसचे, म्हणजे मोठे. पण पाय आखूड, खाली वळलेले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सत्तेचाळीस मिलिमीटर, आणि जाडीला बेताचे. ते हातावर मांडी घालून बसले. मी हात खाली सोडला, वर केला, फळ्यावर लिहिल्यासारखा हलवला. ते फिरले नाही. टेबलावर तळहात टेकून वजन टाकून पाहिले. चावीची गुंडी हाताच्या मागच्या बाजूला रुतली नाही. ही परीक्षा दुकानात कोणी करत नाही, पण चित्रकलेच्या मास्तराला दिवसातून पन्नास वेळा मुलांच्या बाकावर तळहात टेकून वाकावे लागते. पट्टा चामड्याचा घेतला, मनगटाच्या हाडाच्या मागे, कोपराच्या बाजूला बांधला, आणि करंगळी आत जाईल एवढा सैल ठेवला. कारण दुपारच्या उकाड्यात हात थोडा फुगतोच. शेवटून तिसऱ्या भोकात तो बसला. शेवटच्या भोकात बसला असता तर मी घेतला नसता; पुढे वाव राहत नाही. (धातूच्या साखळीचे घड्याळ घेणाराने कड्या काढून नीट बसते का ते दुकानातच पाहावे. घरी नेल्यावर कड्या काढून घ्यायला कोणी जात नाही, आणि घड्याळ बांगडीसारखे खुळखुळत राहते.)

तरीही वरून पाहताना ते मला फारच मोठे वाटले. मी काढू लागलो. दुकानदाराने समोरच्या आरशाकडे बोट दाखवले. आरशात उभा माणूस दिसत होता, त्याच्या हातात घड्याळ होते, आणि ते इतके साधे, हाताजोगते दिसत होते की मी चकित झालो. खरे तर चित्रकलेच्या मास्तराला हे दुकानदाराने शिकवायला नको होते. जवळची वस्तू मोठी दिसते. साताऱ्यात उभे राहून अंगठ्याने अजिंक्यतारा झाकता येतो. पांढरी डायल त्याच मापाच्या काळ्या डायलपेक्षा मोठी वाटते. मी माझे मनगट वीतभर-दीडवीत अंतरावरून पाहतो, लोक चार पावलांवरून पाहतात. माझा थाट, माझा साधेपणा, दोन्ही मला जेवढे दिसतात तेवढे दुसऱ्या कोणाला दिसत नाहीत. ग्रंथालयातल्या त्या कार्यक्रमात वर सारलेली बाही तिसऱ्या रांगेच्या पलीकडे कोणाला दिसली असेल? आणि मी मात्र तिच्या आधारावर दिवसभर स्वतःला गांधींचा अनुयायी समजत होतो!

गांधीजींचे नाव निघाले म्हणून सांगतो. त्यांच्या कमरेला लटकणारे घड्याळ हे खिशात ठेवायच्या जातीचे, म्हणजे माझ्या 'जनता'पेक्षा मोठेच. ते पाहून कोणी थाट म्हटले नाही, कारण त्या माणसाला मिनिटाचे काम होते. मनगटी घड्याळाचा सगळाच इतिहास असा आहे. प्रारंभी ते बायकांचे आभूषण समजले जाई. पुरुष खिशातले वापरत. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकाला खिशात हात घालायची सवड नव्हती, तेव्हा ते पुरुषाच्या मनगटावर आले. दुसऱ्या महायुद्धात जर्मन वैमानिकांसाठी केलेली घड्याळे पंचावन्न मिलिमीटरची होती. ती जाड कोटाच्या बाहीवरून बांधत. इटलीच्या आरमारातल्या पाणबुड्या सैनिकांची सत्तेचाळीसची, कारण गढूळ अंधाऱ्या पाण्यात काटे दिसायला हवेत. मोठे घड्याळ जन्माला आले ते गरजेपोटी. दिमाख त्याला नंतर चिकटला.

दिमाखाचा विषय निघाल्यावर मेव्हण्याला सोडून कसे चालेल? त्याचे घड्याळ सेहेचाळीस मिलिमीटरचे. आत आणखी तीन चिमुकल्या डायली आहेत, त्या काय दाखवतात हे त्याने कधी विचारलेले नाही. बाहीची गुंडी लागत नाही म्हणून तो डावी बाही कायम दुमडतो. जेवायला बसताना घड्याळ काढून टेबलावर ठेवतो, आणि एकदा ते आमच्याकडेच विसरून गेला होता. पायांची टोके मनगटाच्या दोन्ही बाजूंना बाहेर येतात. घड्याळजींनी पाहिले असते तर डोळे मिटून घेतले असते. दुकानात मी मापे काढत होतो तेव्हा तो हसून म्हणाला, "दाजी, घड्याळात वेळ कोण बघतं? वेळेला मोबाईल आहे. हे आपलं दिसायला." मला त्याचा तेव्हा राग आला, आणि परतीच्या एस.टी.त तो ओसरला. तो दागिना घालतो आणि दागिना म्हणतो. मी दागिना घालत होतो आणि त्याला वडिलांची आठवण म्हणत होतो. त्या आठवणीपायी जर कोणाची पाच मिनिटे गेली असतील, तर दोघांत अधिक महाग दागिना कोणाचा?

वाचक म्हणतील, हे सारे शहाणपण घड्याळ घेतल्यानंतर सुचलेले आहे; हौस आधी, तत्त्वज्ञान मागाहून. मी नाही म्हणणार नाही. दुकानातल्या आरशात मी गरजेपेक्षा एक-दोनदा अधिकच पाहिले. पांढऱ्या डायलवर काळे काटे फार सुरेख दिसतात, आणि सुरेख वस्तू हातावर असली की हात जरा निराळा हलतो, हे मला कळते. पण गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्याला योग साधत नाही असे सांगताना मुळीच न खाणाऱ्यालाही तो साधत नाही, असे त्याच श्वासात सांगितले आहे. अण्णांच्या नियमाचा हा दुसरा अर्धा भाग मी कधी वाचला नव्हता. वस्तू माणसापेक्षा मोठी दिसू नये, हे ठीक. पण तिच्या कामापेक्षा ती लहान असावी, असे अण्णा कधीच म्हणाले नव्हते. त्यांच्या डोळ्यांना ती पस्तीस मिलिमीटरची डायल अखेरपर्यंत दिसत असे, किंवा दिसत नसेल तर त्यांच्यावाचून कोणाचे अडत नव्हते. निवृत्तीनंतर तर त्यांची वेळ कोणाला विचारायचीच नव्हती. माझी वेळ अडतीस मुले विचारतात.

'जनता' आता कपाटात आहे. रविवारी मी तिला चावी देतो. थोडा वेळ कानाशी धरतो. सौभाग्यवतींनी एकदा ते स्वतःच्या हातावर बांधून पाहिले आणि काढून ठेवले. "हे अण्णांचंच दिसतं," म्हणाल्या.

वार्षिक परीक्षेला पुन्हा तीच खोली, तोच पेपर. भिंतीवरच्या घड्याळाला मी स्वतः सेल आणून घातला होता. पेपर वाटण्यापूर्वी मी वर्गाला म्हणालो, "सहामाहीला मी कागद पाच मिनिटं आधी घेतले. घड्याळ बरोबर होतं. मी चुकीचं वाचलं, आणि वर घड्याळालाच नाव ठेवलं." हे वाक्य मी घरून ठरवून नेले होते आणि तरी ते म्हणताना माझे कान तापले. वर्ग गप्प राहिला. मागच्या बाकावरची ती मुलगी रंगपेटी उघडत होती. भावाचे काळे घड्याळ तिने काढून बाकावर उभे ठेवले होते.

"माहीत होतं, सर," ती म्हणाली. "तुम्ही घड्याळ लांब धरून बघता ते आम्हाला सहावीपासून ठावं आहे."

मग सगळा वर्ग हसला. मी कागद वाटायला सुरुवात केली. त्या दिवशी तिने आभाळ आधी केले.